एकाच खग्रास चंद्रग्रहणाच्या निरनिराळ्या वेळा का छापल्या जातात, आणि तेच ग्रहण पुन्हा कधी येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचा कालावधी कोणी साडेपाच तास दिला, कोणी साडेतीन तास, तर कोणी केवळ ८२ मिनिटे. काही ठिकाणी त्याची तारीख ७ होती, तर काही ठिकाणी ८. यांपैकी कोणता आकडा बरोबर मानायचा, हे ग्रहण काही देशांत पूर्ण आणि काही देशांत मुळीच का दिसले नाही, आणि ‘अठरा वर्षांनी तेच ग्रहण परत येते’ हे विधान कितपत खरे आहे?

हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात मिसळल्यामुळे. ग्रहणाच्या वेळा चंद्र आणि पृथ्वीची छाया यांच्यावर ठरतात, आणि त्यांच्याशी पाहणाऱ्याच्या गावाचा काहीही संबंध नसतो. दृश्यता ठरते ती पाहणाऱ्याच्या क्षितिजावरून. ग्रहणांची पुनरावृत्ती मात्र चंद्राच्या तीन वेगवेगळ्या महिन्यांची गणिते किती जवळ जुळतात त्यावर अवलंबून असते. या तीन गोष्टी सुट्या करून पाहिल्या, तर कोणत्याही छापील कोष्टकाचा अर्थ स्वतःच लावता येतो.

पृथ्वीच्या छायेचे दोन भाग असतात. जिथे सूर्यबिंब पूर्ण झाकले जाते ती गडद प्रच्छाया, आणि तिच्याभोवतीची, जिथून सूर्याचा काही भाग दिसत राहतो ती उपच्छाया. ७ सप्टेंबर २०२५ रोजी चंद्राने उपच्छायेत प्रवेश केला तो जागतिक प्रमाणवेळेनुसार १५:२८ वाजता. प्रच्छायेच्या कडेला चंद्रबिंब टेकले, म्हणजे स्पर्श झाला, १६:२७ वाजता. बिंब संपूर्ण बुडाले, म्हणजे संमीलन झाले, १७:३१ वाजता. ग्रहणमध्य १८:१२ वाजता होता, बिंब प्रच्छायेतून बाहेर येऊ लागले, म्हणजे उन्मीलन झाले, १८:५३ वाजता, ते प्रच्छायेतून पूर्ण सुटले, म्हणजे मोक्ष झाला, १९:५७ च्या सुमारास, आणि उपच्छायेतून चंद्र पूर्ण बाहेर पडला तो २०:५५ वाजता. पहिल्या आणि शेवटच्या वेळेतील अंतर ५ तास २७ मिनिटे आहे. स्पर्शापासून मोक्षापर्यंत सुमारे साडेतीन तास. आणि संमीलनापासून उन्मीलनापर्यंत ८२ मिनिटे. तीन आकड्यांचा उलगडा एवढाच आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की सर्वसामान्य वाचकासाठी दिलेल्या बातमीत साडेपाच तासांचा आकडा देऊ नये, किंवा दिलाच तर त्यासोबत खुलासा असावा. उपच्छायेतील चंद्राकडे पहिला अर्धा तास पाहत बसले तरी डोळ्यांना कोणताही फरक जाणवत नाही. बिंबाचा बराच मोठा भाग उपच्छायेत खोल शिरल्यावर, साधारणपणे स्पर्शापूर्वीच्या वीस-पंचवीस मिनिटांत, एका कडेला धुरकटपणा दिसू लागतो. म्हणून ‘ग्रहण सुरू झाले’ असे वाचून बाहेर आलेला माणूस पूर्ण चंद्र पाहून निराश होतो आणि गणित चुकले असे समजतो. जुन्या पद्धतीच्या पंचांगांत स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष या पाचच वेळा देण्याची रीत आहे, आणि निरीक्षकाच्या दृष्टीने ती अधिक उपयोगी आहे.

याच ठिकाणी आणखी एक बारकावा सांगून ठेवतो. पौर्णिमान्ताचा क्षण आणि ग्रहणमध्य हे एकच नसतात. पौर्णिमान्त म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांत (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गावर मोजलेल्या स्थानांत) बरोबर १८० अंशांचा फरक पडण्याचा क्षण. ग्रहणमध्य म्हणजे चंद्राचे केंद्र छायेच्या अक्षाला सर्वांत जवळ येण्याचा क्षण. चंद्राची कक्षा तिरपी असल्यामुळे या दोहोंत काही मिनिटांचे अंतर पडते. या ग्रहणात पौर्णिमान्त १८:०९ वाजता होता, म्हणजे ग्रहणमध्यापूर्वी सुमारे तीन मिनिटे.

आता कालावधी एवढाच का असतो ते पाहू, कारण हे गणित कागदावर चार ओळींत करता येते. चंद्राच्या अंतरावर प्रच्छाया केवढी दिसते हे काढण्यासाठी चंद्राच्या क्षितिजलंबनात (चंद्रावरून पृथ्वीची त्रिज्या जेवढ्या कोनाची दिसते त्या कोनात) सूर्याचे लंबन मिळवावे आणि त्यातून सूर्यबिंबाची त्रिज्या वजा करावी. चंद्राचे लंबन सरासरी ५७ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), सूर्याचे कलेच्या सुमारे सातव्या भागाएवढे, आणि सूर्यबिंबाची त्रिज्या १६ कला. म्हणजे प्रच्छायेची त्रिज्या येते सुमारे ४१ कला, आणि वातावरणामुळे ती थोडी वाढून ४२ कला धरावी लागते. प्रच्छायेचा व्यास मग ८४ कला झाला. चंद्रबिंबाचा व्यास ३१ कला आहे, म्हणजे छाया चंद्राच्या पावणेतीन पटींच्या आसपास रुंद असते. चंद्र छायेच्या सापेक्ष ताशी सुमारे साडेतीस कला सरकतो, म्हणजे तासाला जवळजवळ स्वतःच्या व्यासाएवढा. चंद्र छायेच्या नेमक्या मध्यातून गेला, तर पूर्ण बुडालेल्या स्थितीत त्याला ८४ वजा ३१, म्हणजे ५३ कला अंतर कापावे लागते, आणि त्यासाठी १०४ मिनिटे लागतात. स्पर्शापासून मोक्षापर्यंत ८४ अधिक ३१, म्हणजे ११५ कला, अर्थात पावणेचार तास. स्पर्श ते संमीलन हा टप्पा बहुतेक खग्रास ग्रहणांत तासाभराच्या आसपास का असतो, तेही यातूनच समजते.

प्रत्यक्षात दोन गोष्टी हा कालावधी बदलतात. पहिली म्हणजे चंद्र छायेच्या मध्यापासून किती दूरून जातो ती. कडेजवळून गेला तर त्याच्या वाट्याला छायेची आखूड जीवा येते. दुसरी म्हणजे चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर. अपभूजवळ, म्हणजे चंद्र पृथ्वीपासून सर्वांत दूर असतो त्या बिंदूजवळ, छाया थोडी अरुंद असते, परंतु चंद्राची गती त्याहून अधिक प्रमाणात मंदावते, आणि त्यामुळे अपभूजवळची मध्यवर्ती ग्रहणे अधिक लांबतात. २७ जुलै २०१८ रोजी चंद्र अपभूजवळ होता आणि छायेच्या मध्याजवळून गेला. खग्रास स्थिती १०३ मिनिटे टिकली. १६ जुलै २००० रोजी ती १०६ मिनिटे टिकली होती. १०७ मिनिटांच्या पुढे ती फारशी जाऊच शकत नाही. दोन्ही ग्रहणे जुलैमधली आहेत हाही योगायोग नाही: जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, सूर्यबिंब किंचित लहान दिसते, आणि छायेचा शंकू किंचित लांब व रुंद होतो.

वर मी वातावरणामुळे छाया थोडी वाढते असे म्हटले. दोन विश्वसनीय कोष्टकांतही मिनिटाभराचा फरक पडतो तो यामुळेच, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पृथ्वीचा घन गोल जेथे संपतो तेथे छायेची कड संपत नाही. वातावरणाचे खालचे थरही प्रकाश अडवतात. ही वाढ किती धरावी याविषयी एक रूढ पद्धत अशी की छायेची त्रिज्या सरसकट एक पन्नासांश, म्हणजे २ टक्के वाढवावी. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजों यांनी १९५१ मध्ये वेगळी पद्धत सुचवली. तिच्यात चंद्राच्या लंबनातच योग्य ती वाढ केली जाते आणि छाया थोडी लहान येते. सामान्य ग्रहणात या दोन पद्धतींचा फरक जाणवत नाही, परंतु चंद्र छायेत जेमतेम बुडत असेल तर तो फार मोठा होतो. ४ एप्रिल २०१५ च्या ग्रहणात खग्रास स्थिती एका पद्धतीने पाच मिनिटांहून कमी येत होती, तर दुसऱ्या पद्धतीने तिच्या दुपटीहून अधिक. दोन्हींचे गणित बिनचूक होते. वेगळी होती ती छायेच्या कडेची व्याख्या. ही कड मुळातच पुसट असल्यामुळे दुर्बिणीतूनही संमीलनाचा क्षण सेकंदापर्यंत सांगणे शक्य होत नाही. म्हणूनच सेकंद छापलेले कोष्टक पाहून कोणी त्यावर वाद घालू नये असे मला वाटते. ज्यांना खरोखर उपयोगी निरीक्षण करायचे आहे त्यांनी चंद्रावरील ठळक विवरांवरून, उदाहरणार्थ टायको आणि कोपर्निकस यांच्यावरून, छायेची कड जाण्याच्या वेळा नोंदवाव्यात. छायेचा आकार ठरवण्यासाठी अशाच नोंदी पिढ्यानपिढ्या वापरल्या गेल्या आहेत.

खग्रास अवस्थेतील तांबूस रंग हा त्याच वातावरणातून वाकून छायेत शिरलेल्या प्रकाशाचा असतो. त्याची तीव्रता दर वेळी वेगळी असते, आणि तिच्या वर्गवारीसाठी दांजों यांनीच ० ते ४ अशी श्रेणी दिली आहे. फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा १९९१ मध्ये मोठा उद्रेक झाल्यानंतर ९ डिसेंबर १९९२ चे ग्रहण अतिशय काळोखे झाले होते. वेळांचे गणित अचूक असूनही रंगाचे भाकीत कोणी खात्रीने करू शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

आता दृश्यतेकडे वळू. सूर्यग्रहणात चंद्राची छाया पृथ्वीवरून सरकत जाते आणि प्रत्येक गावाची वेळ वेगळी असते. चंद्रग्रहणात छाया पडते ती चंद्रावर, आणि ज्यांना ज्यांना त्या वेळी चंद्र दिसतो त्या सर्वांना स्पर्श आणि मोक्ष एकाच क्षणी दिसतात. बदलतात ती घड्याळे. २०२५ चे संमीलन भारतात ७ तारखेच्या रात्री ११:०१ वाजता झाले, तर तोच क्षण टोकियोत ८ तारखेच्या पहाटेचे २:३१ दाखवत होता. तारखेचा घोळ एवढ्यावरच मिटतो. या एककालिकतेचा एके काळी फार मोठा उपयोग झाला. दूरच्या दोन शहरांतील स्थानिक वेळेचा फरक कळला तर त्यांच्या रेखांशांतील फरक कळतो, आणि तारायंत्र येण्यापूर्वी दोन शहरांना एकाच वेळी दिसणारी खूण म्हणजे चंद्रग्रहण. इसवी सन ९९७ मध्ये मध्य आशियातील काथ येथून अल् बिरुनी आणि बगदादहून अबुल वफा या खगोलशास्त्रज्ञांनी ठरवून एकच चंद्रग्रहण पाहिले आणि त्यावरून दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर काढले. सोळाव्या शतकात १५७७ आणि १५७८ च्या चंद्रग्रहणांच्या नोंदी मागवून स्पेनने अमेरिकेतील आपल्या प्रदेशांचे रेखांश ठरवण्याचा प्रयत्न केला होता.

एखाद्या ठिकाणी ग्रहण दिसेल की नाही हे ठरवण्यासाठी नकाशाची गरज नसते. त्या दिवशीच्या सूर्यास्ताची आणि सूर्योदयाची वेळ पुरेशी असते. ग्रहणाच्या रात्री चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या सुमारास तो उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. ग्रहणाच्या पाच वेळा स्थानिक घड्याळात बदलून घ्याव्यात; ज्या वेळा सूर्यास्त आणि सूर्योदय यांच्या दरम्यान येतात त्या दिसतील, बाकीच्या दिसणार नाहीत. ७ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनमध्ये ग्रहणमध्य स्थानिक वेळेने १९:१२ वाजता होता आणि चंद्र उगवला साडेसातच्या सुमारास. म्हणजे तेथील लोकांसाठी चंद्र उगवतानाच पूर्ण ग्रासलेला होता, आणि उन्मीलन थोड्याच वेळात झाले. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी दुपारचे सव्वादोन वाजले होते, त्यामुळे तेथे काहीच दिसले नाही. ग्रहणमध्याच्या क्षणी चंद्र हिंदी महासागराच्या मध्यभागी डोक्यावर होता, म्हणून भारतीय उपखंडापासून पश्चिम ऑस्ट्रेलियापर्यंत ग्रहण आदीपासून अंतापर्यंत दिसले.

कोणत्याही क्षणी निम्म्या पृथ्वीला चंद्र दिसतो. स्पर्श ते मोक्ष या साडेतीन तासांत पृथ्वी आणखी सुमारे ५२ अंश फिरते, त्यामुळे ग्रहणाचा काही ना काही भाग निम्म्याहून बराच अधिक पृष्ठभाग पाहू शकतो. म्हणूनच एका जागी बसून राहणाऱ्यालाही सरासरी अडीच वर्षांत एकदा खग्रास चंद्रग्रहण लाभते, तर त्याच जागी खग्रास सूर्यग्रहण यायला सरासरी साडेतीन शतकांहून अधिक काळ लागतो. ऋतूचाही परिणाम असतो. डिसेंबरमधील पूर्ण चंद्र उत्तर गोलार्धात उंच चढतो आणि रात्रही लांब असते. जूनमधील पूर्ण चंद्र तेथे क्षितिजाजवळच राहतो, आणि दक्षिण गोलार्धात नेमके उलट घडते. चंद्र उगवताना वा मावळताना ग्रहण असेल, तर सूर्य आणि ग्रासलेला चंद्र दोन्ही काही मिनिटे क्षितिजावर एकत्र दिसू शकतात. तिघे एका रेषेत असताना हे अशक्य वाटते, परंतु क्षितिजावर वातावरणीय वक्रीभवन बिंबांना सुमारे अर्धा अंश वर उचलते, आणि तेवढ्यात ते शक्य होते.

दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, कारण चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाशी) ५ अंशांहून थोडा अधिक कोन करते. कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते ते दोन पात म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमेच्या वेळी चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे अंतर, फार असेल तर तो छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. पातापासून सूर्य सुमारे ९ ते १२ अंशांच्या आत असेल तर प्रच्छायेतील ग्रहण शक्य होते, आणि खग्राससाठी ही मर्यादा सुमारे ४ ते ६ अंशांपर्यंत आक्रसते. पात स्वतः मागे सरकत असतात आणि १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. त्यामुळे सूर्य त्याच पाताशी परत येतो तो ३६५ नव्हे, तर ३४६.६२ दिवसांनी. दोन पात असल्यामुळे दर १७३.३ दिवसांनी ग्रहणांचा हंगाम येतो.

या दोन आकड्यांतूनच ग्रहणांची लय समजते. सहा चांद्रमास म्हणजे १७७.१८ दिवस. हंगामांतील अंतर १७३.३१ दिवस. म्हणजे सहा पौर्णिमांनंतर सूर्य दुसऱ्या पातापाशी येतो तेव्हा तो आधीच्या वेळेपेक्षा सुमारे ४ अंश पुढे गेलेला असतो. खग्राससाठी पाताच्या दोन्ही बाजूंस मिळून ८ ते १२ अंशांची जागा आहे. तेव्हा ४ अंशांच्या पावलांनी चालले तर त्या जागेत बहुधा दोन किंवा तीन ग्रहणे मावतात. १४ मार्च २०२५, ७ सप्टेंबर २०२५ आणि ३ मार्च २०२६ ही तीन सलग खग्रास ग्रहणे अशीच आहेत, आणि त्यांच्यानंतरचे २८ ऑगस्ट २०२६ चे ग्रहण सुमारे ९३ टक्के ग्रास असूनही खंडग्रासच ठरते. चार ग्रहणे मावायला १२ अंश लागतात, म्हणजे जागा जेमतेम पुरते. २०१४-१५ मध्ये ती पुरली, आणि पुढे २०३२-३३ मध्ये पुरेल. उलट, प्रच्छायेची संपूर्ण जागासुद्धा एका चांद्रमासात सूर्य पाताच्या सापेक्ष जेवढे, म्हणजे साडेतीस अंशांहून थोडे अधिक, सरकतो त्याहून लहान आहे. त्यामुळे एखादा हंगाम प्रच्छायेतील ग्रहणाविनाही जाऊ शकतो. २०२७ या संपूर्ण वर्षात तीन चंद्रग्रहणे आहेत, आणि तिन्ही केवळ उपच्छायेतील, म्हणजे छायाकल्प आहेत.

चार सलग खग्रास ग्रहणांविषयी लोक फार भयसूचक बोलतात, म्हणून एवढे सांगणे मला आवश्यक वाटते की त्यांच्या कमी-अधिक प्रमाणामागे निव्वळ भूमिती आहे. १५८२ ते १९०८ या काळात असा एकही चौकडा आला नाही. १९०९ ते २१५६ या काळात असे १७ चौकडे आहेत, आणि त्यांतील ८ एकट्या एकविसाव्या शतकात. पृथ्वीच्या कक्षेचे लंबवर्तुळ आणि ग्रहणांचे हंगाम यांच्या सापेक्ष स्थितीनुसार हे प्रमाण सुमारे ५६५ वर्षांच्या आवर्तनाने वाढते आणि घटते. एकविसावे शतक या दृष्टीने समृद्ध आहे: पाच हजार वर्षांच्या गणनेत १२,०६४ चंद्रग्रहणे येतात आणि त्यांतील ३,४७९ खग्रास आहेत, म्हणजे शतकाला सरासरी ७०, या शतकात मात्र ती ८५ आहेत.

आता प्रश्नाचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे पुनरावृत्ती. ग्रहण पुन्हा यायचे तर पौर्णिमा हवी, आणि चंद्र पाताजवळ हवा. पुन्हा तसेच यायचे असेल, तर चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतरही तेवढेच हवे. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३०६ दिवस, पात ते तोच पात २७.२१२२ दिवस, आणि उपभू (कक्षेतील पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू) ते उपभू २७.५५४६ दिवस. हे तीन महिने एकमेकांना निःशेष भाग देत नाहीत, परंतु एका ठिकाणी आश्चर्य वाटावे इतके जवळ येतात. पहिल्या प्रकारचे २२३ महिने म्हणजे ६५८५.३२ दिवस, दुसऱ्या प्रकारचे २४२ महिने म्हणजे ६५८५.३६ दिवस, तिसऱ्या प्रकारचे २३९ महिने म्हणजे ६५८५.५४ दिवस. यालाच सारोस चक्र म्हणतात: १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तास, आणि मध्ये लीप वर्षे किती आली त्यानुसार ११ ऐवजी १० किंवा १२ दिवस. शिवाय वर्षाची जवळजवळ तीच तारीख असल्यामुळे सूर्याचे अंतरही जवळपास तेच राहते. बॅबिलोनच्या गणितज्ञांनी केवळ नोंदींच्या आधारे हे चक्र ओळखले होते. त्यांच्याकडील ग्रहणांच्या नोंदी इतक्या मोलाच्या आहेत, की प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने वापरलेली त्यांतील सर्वांत जुनी नोंद, इसवी सनपूर्व ७२१ मधील मार्च महिन्याची, आजही पृथ्वीचे परिवलन किती मंदावले आहे हे तपासण्यासाठी उपयोगी पडते.

एकेका सारोसच्या अंतराने येणाऱ्या ग्रहणांची एक मालिका होते; २०२५ चे ग्रहण १२८ व्या सारोस मालिकेतील आहे. त्याच्या आधीचे २८ ऑगस्ट २००७ रोजी झाले, आणि पुढचे १९ सप्टेंबर २०४३ रोजी आहे. या तिघांना एकाच घराण्यातील म्हणावे इतके साम्य त्यांच्यात आहे, तरी ‘तेच ग्रहण’ म्हणणे दोन कारणांनी अपुरे पडते.

पहिले कारण ते आठ तास. चक्र पूर्ण होते तेव्हा पृथ्वी आणखी एक-तृतीयांश फिरलेली असते, म्हणून दृश्यतेचा प्रदेश सुमारे १२० अंश पश्चिमेला सरकतो. २००७ चे ग्रहण पॅसिफिक महासागरावर केंद्रित होते, २०२५ चे हिंदी महासागरावर, आणि २०४३ चे अटलांटिकवर असेल. त्यामुळे २०२५ चे ग्रहण आशियातून पाहिलेल्या माणसाने २०४३ ची वाट पाहिली तर त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. तीन चक्रे मिळून, म्हणजे ५४ वर्षे आणि सुमारे ३३ दिवसांनी, ते आठ-आठ तास मिळून एक दिवस होतो आणि ग्रहण जवळजवळ त्याच प्रदेशात परतते. ६ ऑगस्ट १९७१ रोजी १९:४३ वाजता मध्य असलेले ग्रहण आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी १८:१२ वाजता मध्य असलेले ग्रहण हे असे जोडीदार आहेत. ‘माझ्या गावी तसेच ग्रहण पुन्हा कधी’ याचे प्रामाणिक उत्तर अठरा नव्हे, तर चौपन्न वर्षे आहे.

दुसरे कारण त्या दशांशांत दडलेले आहे. ६५८५.३२ आणि ६५८५.३६ यांतील फरक सुमारे ५२ मिनिटांचा आहे. म्हणजे प्रत्येक चक्रानंतर पौर्णिमा पाताच्या सापेक्ष सुमारे अर्धा अंश सरकते आणि चंद्र छायेतून थोड्या वेगळ्या वाटेने जातो. १२८ व्या मालिकेत खग्रास स्थिती १९७१ मध्ये ९९ मिनिटे होती, १९८९ मध्ये ९६, २००७ मध्ये ९०, २०२५ मध्ये ८२, आणि २०४३ मध्ये ती ७२ मिनिटांच्या आसपास असेल. ही मालिका उतरणीला लागली आहे. ३ मार्च २०२६ चे ग्रहण १३३ व्या मालिकेचे आहे आणि ती चढणीवर आहे: २००८ मध्ये ५० मिनिटे, २०२६ मध्ये ५८, आणि २०४४ मध्ये सुमारे ६६. प्रत्येक मालिका छायेच्या एका कडेला उपच्छायेतील अस्पष्ट ग्रहणाने सुरू होते, मध्यावर येते आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडते; या प्रवासात बहुधा सत्तर-बहात्तर ग्रहणे होतात आणि त्याला सुमारे तेराशे वर्षे लागतात. कोणत्याही काळात अशा अनेक मालिका एकाच वेळी चालू असतात, म्हणून दर वर्षी दोन-तीन ग्रहणे दिसतात आणि ती परस्परांशी असंबद्ध वाटतात.

सारोसशी गल्लत होणारे आणखी एक चक्र म्हणजे १९ वर्षांचे मेटन चक्र. २३५ चांद्रमास १९ सौर वर्षांशी जवळजवळ जुळतात, त्यामुळे पौर्णिमा त्याच तारखेला येते. ३ मार्च २००७ रोजी खग्रास ग्रहण झाले, आणि बरोबर १९ वर्षांनी ३ मार्च २०२६ चेही खग्रासच आहे. यावरून २०४५ च्या त्याच तारखेचे भाकीत करू नये. त्या दिवशी ग्रहण आहे खरे, पण केवळ उपच्छायेतील. हे चक्र तारखा जुळवते, पण पात जुळवताना दर वेळी साडेसात अंशांहून अधिक चुकते, आणि ग्रहणासाठी तेवढी चूक फार मोठी आहे. अर्ध्या सारोसने, म्हणजे ९ वर्षे आणि साडेपाच दिवसांच्या आसपास, चंद्रग्रहणाच्या जागी सूर्यग्रहण येते. २०२५ च्या ग्रहणाचा असा जोडीदार म्हणजे १२ सप्टेंबर २०३४ चे कंकणाकृती सूर्यग्रहण.

हे सर्व स्वतः तपासून पाहायचे असेल तर ३१ डिसेंबर २०२८ चे खग्रास ग्रहण त्यासाठी योग्य आहे. त्याचा मध्य जागतिक प्रमाणवेळेनुसार १६:५२ वाजता आहे आणि खग्रास स्थिती ७१ मिनिटांची, म्हणजे संमीलन १६:१६ च्या आणि उन्मीलन १७:२८ च्या सुमारास. चंद्र डिसेंबरचा असल्यामुळे उत्तर गोलार्धात तो उंच असेल, आणि आशिया, ऑस्ट्रेलिया व पूर्व युरोप येथे ती वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची आहे. सारोसने मागे गेले तर २१ डिसेंबर २०१० चे, अमेरिका खंडांतून चांगले दिसलेले ग्रहण मिळते. पुढे गेले तर १२ जानेवारी २०४७ चे. २०२८ च्या ग्रहणानंतर सहा-सहा महिन्यांच्या पावलांनी २६ जून २०२९ आणि २० डिसेंबर २०२९ ही दोन खग्रास ग्रहणे आहेत. त्यांतील जूनचे ग्रहण छायेच्या जवळजवळ नेमक्या मध्यातून जाते, आणि त्याची खग्रास स्थिती १०२ मिनिटांची आहे.